बांधावर बसण्याचा मान

आबा,

तुम्ही गेल्यावर गावचा पाटील कोण, हा प्रश्न बरीच वर्षं कुणी उघड विचारला नाही. ओटीवरची तुमची खुर्ची तिथंच राहिली. आधी तिच्यावर वर्तमानपत्रं साठली, मग वाळायचे टॉवेल आले, आणि आता आमच्या मांजरीने ती आपल्या नावावर करून घेतली आहे. मधल्या काळात पोलीस पाटलाची जागा रिकामी होती. शेजारच्या गावच्या पाटलाकडे आपल्या गावाचा जादा कारभार असायचा, पण तो फिरकायचा तो फक्त सप्त्याच्या जेवणाला. मग एकदाची जागा निघाली, लेखी परीक्षा झाली, प्रांत कचेरीत मुलाखत झाली, आणि जिला लग्न होऊन आली तेव्हा भाताचं खाचर कुठलं आणि डबकं कुठलं हे कळत नव्हतं, ती तळेगावच्या मास्तरांची मुलगी, तुमची ही सून, तुमच्या गावची पोलीस पाटील झाली. हसू नका. तुम्ही मिशीच्या एकाच बाजूने हसायचात, आणि कौतुक झालं की खोड काढली हे समोरच्याला शेवटपर्यंत कळायचं नाही.

अर्ज तुमच्या चिरंजिवांनी करावा असं भावकीत सगळ्यांना वाटत होतं. त्यांना स्वतःला अजिबात वाटत नव्हतं, आणि रेल्वेच्या नोकरीत असताना तो करताही येत नव्हता. लोणावळ्याला सिग्नल खात्यात ड्युटी करून घरी आलं की त्यांना लाल आणि हिरवा सोडून तिसऱ्या रंगाचा विचार करावासा वाटत नाही. फॉर्म त्यांनीच आणून दिला मला. म्हणाले, आबांचं निम्मं काम शेवटी शेवटी तूच करत होतीस, आता सही पण तूच कर.

ते खरंच होतं. तुमचे गुडघे गेले आणि तुम्ही ओटी सोडून माझ्या स्वयंपाकघरात आलात. मागच्या दारापाशी बुटकं स्टूल टाकून बसायचात, मांडीवर सूप, सुपात इंद्रायणी तांदूळ नाहीतर पावटे. पुढच्या दारी येणारी माणसं मग मागच्या दारी यायला लागली. फोडणीच्या धुरात डोळे चोळत ती तुम्हाला आपली गाऱ्हाणी सांगायची, आणि तुम्ही खडे वेचत ऐकायचात. मध्ये एक शब्द बोलायचा नाहीत. मला वाटायचं म्हाताऱ्याचं लक्षच नाही. मग माणूस बोलून दमला की तुम्ही असा एक प्रश्न विचारायचात की तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा, आणि या वेळी खरं सांगायचा.

तुम्ही मला बोललात तो दिवस आठवतो. श्रावण होता, बाहेर पिरपिर चालू होती. खालच्या आळीतली एक बाई रडत आली. जावेने अंगणातला नळ तोडला, आईवरून शिव्या दिल्या, असं सांगत होती. मी तिला आत घेतलं, बसवलं, आलं ठेचून चहा दिला. ती गेली आणि थोड्याच वेळात तिची जाऊ आली. तिला तुम्ही दारातूनच उद्या ये म्हणून परत पाठवलंत. मला काही कळेना. ती लांब गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "एकीला च्या पाजलास. आता दुसरीचं ऐकून काय उपेग?"

"चहाच तर दिला, आबा."

"च्या दिलास म्हंजी पाठीवरनं हात फिरवलास. दुसरीला दारातच आल्याचा वास गेला. आता मी किती बी खरं बोललो तरी तिला ते कडूच लागंल. पाटलाच्या घरचा च्या भांडण मिटल्यावर प्यायचा, न्हाई तर दोघींनी एकदम."

रडणाऱ्या बाईला चहा द्यायचा नाही, ही कसली माणुसकी, असं मी पातेलं आपटत म्हणाले. सुनेने सासऱ्यापुढे पातेली आपटण्याची ती आपल्या घरातली पहिलीच वेळ असावी, कारण सासूबाई देवघरातून उठून बघायला आल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "पाणी दे की. पाणी कुणाला बी द्यावं." दुसऱ्या दिवशी दोघी एकदम आल्या, एकदम बसल्या, आणि एकाच पातेल्यातला चहा प्याल्या. मी मात्र दोन दिवस तुमच्याशी तुटक बोलत होते. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्ही मुद्दाम जास्त वेळा मीठ मागत होतात.

आणि तो ओढ्याचा दिवस. वर धबधब्यावर मौजेला आलेल्या पाहुण्यांतली एक बाई बुडून पाण्याबरोबर खाली आली आणि आपल्या हद्दीत, जांभळीच्या मुळांशी अडकली. तेव्हा तुमचे गुडघे अजून धड होते. तुम्ही निरोप पाठवलात की सूनबाईला म्हणावं धुतलेली चादर घेऊन ये. मी घाबरत घाबरत गेले. काठावर सगळे पुरुष, कुणी मोबाइल काढलेला. तुम्ही सगळ्यांना पाठ फिरवून उभं केलं होतंत. मला म्हणालात, "बाईच्या अंगाला बाईनं हात लावावा. पोलीस यायला येळ हाये, तवर तिला उघडी पडू द्यायची न्हाई. आपल्या हद्दीत आली म्हंजी आपली." मी चादर पांघरली, तिच्या तोंडावरचे केस बाजूला केले. तुम्ही आमच्याकडे पाठ करून उभे होतात, हात मागे करून छत्री तिच्या अंगावर धरलेली, आणि तुम्ही स्वतः चिंब. दुपारी तिच्या घरचे आले, तेव्हा तुम्ही त्यांना पोलीस साहेबांकडे न्यायच्या आधी माझ्याकडे आणलंत आणि म्हणालात, ही होती तिच्यापाशी. तिच्या आईने माझे दोन्ही हात धरले. तो स्पर्श मी अजून विसरलेले नाही.

पण मला आज लिहायचंय ते बांधावर बसण्याबद्दल. ते मी अगदी नवी नवरी असताना पाहिलं. आपल्याकडे डोंगराचं पाणी खाचरातून खाचरात उतरतं. वरच्याच्या बांधाला एक तोंड ठेवलेलं असतं, तिथून पाणी खालच्याला, त्याच्याकडून त्याच्या खालच्याला. वरच्याने तोंड बुजवलं की खालचा मेला. त्या वर्षी दोन सख्ख्या भावांत तोंडावरून जुंपली होती, कोयते निघाले होते. तुम्ही खांद्यावर कुदळ टाकून गेलात. दोघांना बांधाच्या दोन बाजूंना उभं केलंत, दोघांचं ऐकलंत आणि स्वतःच्या हाताने तोंड फोडलंत. मग कुदळ आडवी टाकून तिच्या दांड्यावर बसलात, ते शेवटचं खाचर भरेपर्यंत. दोन्ही घरांतून भाकरी आली. दोन्हींतली खाल्लीत. मी सासूबाईंना विचारलं की ज्याचं पाणी तो फोडेल, पाटलाला कशाला चिखलात बसवायचं? त्या म्हणाल्या, "आगं, खालच्यानं फोडलं तर वरचा म्हननार चोरी केली. वरच्यानं फोडलं तर त्याची मान खाली जाती. पाटलानं फोडलं की कुणीच फोडलं न्हाई. आन् शिव्या द्यायच्या त्या पाटलाला द्याव्या." ज्याचं स्वतःचं रान त्या पाण्यावर असेल त्याने मात्र बसायचं नाही, मग तो पाटील का असेना. तुमच्या खाचराचं भांडण झालं तेव्हा तुम्ही कान्हे गावच्या पाटलाला बोलावून आणलं होतंत, हेही त्यांनीच सांगितलं.

त्याच पावसाळ्यात तुम्ही कामशेतच्या बाजारातून माझ्यासाठी गमबूट आणलेत. काळे, पुरुषी, एक माप मोठे. सासूबाई म्हणाल्या, लोक सुनंला लुगडं घेत्यात, ह्यांनी बूट आणलं. तुम्ही म्हणालात, लुगडं नेसून ती घरात बसंल, मला चिखलात यायला मानूस पायजे. मी ते लाजत लाजत घातले आणि आळीतल्या बायका पोट धरधरून हसल्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या दोघींनी आपापल्या नवऱ्यांकडून तसलेच आणवले.

तर आबा, मी पाटील झाले आणि गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. मग होळी आली आणि होळी पेटवायला बोलावलं तुमच्या थोरल्या पुतण्याला. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, मीही भाऊच म्हणते. देवीच्या पालखीला पहिला खांदा भाऊंचा, लग्नात पहिला विडा भाऊंना. माझ्याकडे यायचे ते दाखल्याला. नोकरी सरकारची, मान घराण्याचा, अशी सोपी वाटणी गावाने परस्पर करून टाकली होती. पोलीस ठाण्यात मला पाटील मॅडम म्हणायचे आणि गावात सही-शिक्क्याची पाटलीण. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. चांगला आला. पण रागाने बोललं की माणसं बाईचा राग बघतात, बोलणं ऐकत नाहीत, म्हणून गप्प बसले आणि कामं करत राहिले. कुणाचं काही गाऱ्हाणं आलं की त्या पहिल्या वर्षांत मी मनात तुम्हालाच विचारायचे. आबांनी काय केलं असतं? आबा आत्ता काय म्हणाले असते? तुम्हाला तिकडेही उसंत मिळाली नसेल.

आणि मग यंदा ते भिंतीचं झालं.

भाऊंनी वरचं खाचर विकलं, पुण्याच्या एका निवृत्त जोडप्याला. कार्ल्याकडून आत येणाऱ्या रस्त्यावर आता अशी बंगल्यांची रांगच लागली आहे. ही दोघं तशी साधी. साहेब सकाळी फिरायला निघाले की दिसेल त्याला नमस्कार करतात. त्यांनी घर बांधलं आणि या उन्हाळ्यात चारी बाजूंनी भिंत घातली. ज्या ठिकाणी खाचराचं तोंड होतं, बरोबर तिथून भिंत गेली. भिंत बांधणारा गवंडी आपल्याच गावचा. त्याला नंतर विचारलं, अरे, तुला तोंड दिसलं नाही का? तर म्हणतो, "दिसलं की. पन मला भिंत बांधाय सांगितली, तोंड सोडाय कुनी सांगितलं न्हाई." मला त्याला हाणावंसं वाटलं.

पाऊस लागला, आवण्या झाल्या, भाताची रोपं लागली, कुणाला काही जाणवलं नाही. मग आषाढात पावसाने उघडीप दिली आणि खालच्या खाचरांना भेगा पडायला लागल्या. कोवळं भात पिवळं पडलं. आणि वर, भिंतीच्या आत, डोंगरातून झिरपून आलेलं पाणी तळ्यासारखं साठलेलं. साहेबांची गुलाबाची झाडं कुजली. त्यांनी काय करावं? पंप आणला आणि ते पाणी उपसून रस्त्यावर सोडलं. खाली भात मरतंय आणि वर पाणी डांबरावरून वाहतंय, हे बघून कुणाचंही डोकं फिरेल. पोरांची फिरली. कुणीतरी दगड मारून त्यांच्या फाटकावरचा कॅमेरा फोडला, कुणीतरी फाटकाबाहेर उभं राहून नको ते बोललं. साहेबांनी ठाण्यात तक्रार दिली. पोरांनी ठरवलं, रविवारी सकाळी सगळ्यांना सुट्टी आहे, पहारी घेऊन जायचं आणि भिंत आडवी करायची. त्यात भाऊंचा मुलगाही होता, नुकताच कंपनीत कायम झालेला. एक गुन्हा नावावर पडला की कंपनीचं फाटक बंद, हे त्यालाही ठाऊक होतं आणि भाऊंनाही. पण रानातलं पीक डोळ्यांसमोर वाळत असलं की माणूस पुढचं बघत नाही.

माझी पंचाईत तुम्हाला सांगायला नको. आधी ठाण्याला कळवावं तर गाडी येणार, पोरांची नावं लिहून घेणार, आणि गाव पुन्हा माझ्यापुढे तोंड उघडणार नाही. न कळवावं तर भिंत पडणार आणि नावं तशीही लिहिली जाणार. मी हवालदारांना एवढंच सांगितलं की पाण्यावरून वाद आहे, रविवारी बैठक घेते, लागलं तर हाक मारते. ते म्हणाले, बघा हो मॅडम, तुमच्या जिवावर सोडतो.

शनिवारी मी बंगल्यावर गेले. बाईंनी लगबगीने चहा ठेवला. मी म्हटलं, चहा नको, पाणी द्या. साहेबांचा चेहरा पडला. "आमच्याकडचा चहासुद्धा चालत नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, "चालतो. मिटलं की पोटभर पिईन, तुमच्याकडचा आणि त्यांच्याकडचा. आज कुणाकडचाच नाही." ते समोर बसले. मी विचारलं, जमीन घेताना पाण्याबद्दल काय सांगितलं होतं? "पाण्याबद्दल? डोंगर दिसतो हे सांगितलं. रस्ता लागून आहे हे सांगितलं. पाण्याचं कुणी काहीच बोललं नाही. मला तर वाटत होतं माझ्या जमिनीत झरा निघाला." त्यांना मी सगळं समजावलं. ऐकून घेतलं त्यांनी. पण भिंतीला तोंड पाडू द्या म्हटल्यावर ताठ झाले. "दगड मारायचे, बायकोला घाबरवायचं, आणि वर मी भिंत फोडून द्यायची? एक माणूस सरळ येऊन बोलला असता तर मी तेव्हाच काढून दिली असती." मी म्हटलं, मी आले की. ते म्हणाले, "तुम्ही सरकारच्या वतीने आलात. ज्यांनी मला जमीन विकली, त्यांच्यापैकी कुणी आलं नाही."

खरं होतं. उठले आणि थेट भाऊंकडे गेले. ते ओसरीवर सुतळी वळत बसले होते.

"भाऊ, विकताना पाण्याचं तोंड सांगितलं होतंत का त्यांना?"

"त्यात सांगायचं काय? पानी काय आज याय लागलंय व्हय? आज्या-पंज्यापासनं तितंच वाहतंय. समद्यास्नी ठावं हाये."

"त्यांचे आजोबा काय आपल्याकडे आवणीला येत होते? त्यांना कुठून ठाऊक असणार?"

आबा, ही चूक फक्त आपलीच माणसं करू जाणोत. जे सगळ्यांना माहीत असतं ते आपण कधी बोलत नाही, आणि नव्या माणसाला ते माहीत नसलं की त्याला वाईट ठरवतो. खरेदीखत झालं, मोजणी झाली, पेढे वाटले, पण पाणी कुठून कुठे जातं हे एवढ्या गावातल्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही.

"उद्या चारचौघांत एवढंच म्हणा, की मी सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "बाकीचं मी बघते."

"मी म्हनू? त्याच्या म्होरं?" सुतळी त्यांच्या हातातून सुटली. "आगं, गावाची होळी पेटवतो मी."

"मग उद्या बांधावर तुम्हीच बसा. मान तुमचा आहे."

त्यांनी सुटलेली सुतळी उचलली. वरचं खाचर त्यांनीच विकलेलं, खालचं अजून त्यांचंच; आपलं मात्र एकही रान त्या पाण्यावर नाही. भाऊ हळूच म्हणाले, "मला न्हाई बसता येत." मी म्हटलं, "मग कोण बसणार?" ते उठून गोठ्यात गेले आणि म्हशीला नसत्या वेळी वैरण घालायला लागले.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन भिंतीपाशी उभी राहिले. गमबूट, साडी खोचलेली, डोक्याला स्कार्फ, हातात पहार. पोरं आली. मला बघून थबकली. एकजण म्हणाला, "काकी, तुमी बाजूला व्हा. तुमचं हितं काय काम न्हाई." मी म्हटलं, "ज्याला भिंत फोडायची त्याने आधी माझ्याशी बोलायचं. नावं मी आत्ता लिहून घेत नाही, पण विसरत पण नाही." फाटकाच्या आत साहेब उभे, फोन कानाला लावलेला, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ठाण्याला बंगल्याचा पत्ता सांगत होते. मागे माणसं जमत होती. मी पोरांपुढे उभी होते आणि माझ्या पाठीला भिंत होती. भीती वाटली का? वाटली. पण जागची हलायची नाही एवढं पक्कं होतं.

भाऊ येतील की नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. ते आले. स्वच्छ टोपी घातलेली, जसे पालखीला येतात तसे. पोरांतून वाट काढत आले, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि सरळ फाटकापाशी गेले.

"साहेब," ते म्हणाले, "चूक माजी हाये. हितं पान्याचं तोंड हुतं. मी तुमाला सांगितलं न्हाई. पोरास्नी बोल लावू नगा."

साहेबांनी फोन खाली घेतला. त्यांच्या बायकोने मागून त्यांच्या दंडाला हात लावला, तो मला दिसला. मग ते म्हणाले, "एवढंच हवं होतं हो मला. फोडा. पण नीट फोडा, सगळी भिंत नका पाडू."

कुणी पहिला हात लावेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि कशाची वाट बघतायत हे मला एकदम कळलं. मी पहार उचलली आणि जिथे तोंड होतं तिथे घातली. पहिल्या घावाला टवका उडाला, दुसऱ्याला वीट हलली. पुढचं गवंड्याने छिन्नी लावून चौकोनी काढलं, मान खाली घालून. पाणी आधी गढूळ आलं, मग जोरात. खालच्या खाचरात ते पसरायला लागलं आणि भाऊंचा मुलगा पहार टाकून बांधावरून पुढे पुढे पळाला, पाणी कुठवर गेलं ते बघायला.

मी पहार आडवी टाकली. बसावं की नाही, क्षणभर पाय अडले. बाई कधी बसली नव्हती. तेवढ्यात खालच्या आळीतली म्हातारी मावशी कंबरेवर हात ठेवून ओरडली, "बस की गं! उभ्यानं पानी राखत्यात व्हय?" लोक हसले, मी बसले. चिखल साडीतून आत गेला. थोड्या वेळाने भाऊंच्या घरून तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचा रस्सा आला, बंगल्यातून शेव घातलेले पोहे आले. दोन्ही खाल्लं, एकाच ताटलीत, आणि आधी ठरल्याप्रमाणे दोन्हीकडचा चहा प्याले. साहेब थर्मास घेऊन स्वतः आले आणि बुटांना चिखल लागेल की काय असं बघत बघत शेवटी माझ्याशेजारी बांधावर उकिडवे बसले.

हवालदार मोटारसायकलवरून आले तेव्हा पाणी मधल्या खाचरात होतं. "भिंत कुणी फोडली?" त्यांनी विचारलं. पोरं एकमेकांच्या मागे सरकायला लागली. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "मी फोडली. लिहून घ्या." त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "माझ्या भिंतीला मोरी पाडून घेतोय. माझंच काम चाललंय." हवालदारांनी गाडीला किक मारली आणि जाता जाता म्हणाले, "पाटील, रस्सा उरला असेल तर ठेवा." मॅडम म्हणाले नाहीत.

शेवटचं खाचर भरायला संध्याकाळ झाली. मग उठले. भाऊ तोपर्यंत वरच्या अंगाला उभेच होते. मी जवळून जाताना ते म्हणाले, "लय येळ बसलीस." एवढंच. पण यंदा लग्नात पहिला विडा कुणाला द्यायचा, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी देवळात सांगून टाकलं, आणि मी तो नाकारणार नाही आहे. माझा आहे तो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि फोटोमागे वगैरे खोचून ठेवायचा माझा स्वभाव नाही. तरी लिहिलं, कारण त्या रात्री जेवताना तुमचे चिरंजीव म्हणाले, "आज आबा असायला पाहिजे होते. दिवसभर तुला त्यांचीच आठवण येत असणार." मी हो म्हणाले आणि घास हातात तसाच राहिला. आबा, दिवसभरात तुमची मला एकदाही आठवण आली नव्हती. पहार उचलताना नाही, बांधावर बसताना नाही, आदल्या दिवशी चहा नको म्हणताना तर मुळीच नाही. ती मला माझीच सवय वाटली. हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही. तुम्हाला सांगते आहे, तेही तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून.